धर्माद्याचा कापूस

सुधाकरराव आणि अनंतराव समोरासमोर उभे होते. जिनिंग कंपनीच्या ओसरीवर, दोघांच्या मध्ये, शेतकऱ्यांनी देवाच्या नावाने काढून ठेवलेल्या धर्माद्याच्या कापसाचा ढीग पडला होता. आतली यंत्रे थांबली होती.

अनंतरावांनी विचारले होते ते एवढेच, की दवाखाना या कापसावर चालतो, मग तो कंपनीचा कसा?

निजामाचे संस्थान विलीन झाले आणि दिल्लीचा आयकर आदिलाबादेत पहिल्यांदा आला, त्याबरोबर आयकर अधिकारी म्हणून अनंतराव आले. कचेरीत जुन्या खुर्च्या उरल्या होत्या, जुनी माणसे पांगली होती. संध्याकाळी कवितेवर बोलायला या गावात एकच माणूस होता, तो म्हणजे या कंपनीचे मॅनेजर सुधाकरराव.

"निजामानं दिलेली करमाफी चालू ठेवा, एवढीच दरखास्त आहे," सुधाकरराव म्हणाले. "कंपनी दवाखाना चालवते. पुन्हा नफ्यावर कर कशाला?"

"इथल्या बेला गावचा शेतकरी पीक बुडालं तरी शेतसारा भरतो. कंपनीला तर नफा झाला तरच भरायचं आहे. रस्ता, कोर्ट, पोलीस, सगळं वापरते ती."

तेवढ्यात बेल्याहून कापसाची बैलगाडी आली. गाडीबरोबर आलेल्या शेतकरीण बयनाबाईंनी कापूस काट्यावर चढवला आणि रिवाजाप्रमाणे एक टोपली बाजूला काढून, कपाळाला लावून, ढिगावर ओतली.

"मॅनेजर सायेब, तुमचा काटा आमच्या सुनेवानी हाय जी! किती खाल्लं ते सांगतच नाई."

सुधाकरराव हसले. अनंतरावांनी विचारले, "बाई, दवाखाना कोण चालवतं?"

"कंपनी. माह्या नातवाचा ताप त्याइनंच उतरवला. लई पुन्य हाय त्यायचं."

"आणि ही टोपली?"

"थे तं देवाची."

"या टोपल्यांवरच दवाखाना चालतो. तो तुमचाच आहे."

बयनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "काऊन चेष्टा करता जी गरिबाची? आमी कुठून आनावं दवाखाना?" आणि जाता जाता त्यांनी सुधाकररावांना हात जोडले.

त्या नमस्काराकडे अनंतराव पाहत राहिले. दान देणाऱ्याच्या हातून इतके दूर गेले होते, की परत आल्यावर त्याला ते ओळखूही येत नव्हते.

"माफी देता येणार नाही," ते हळू म्हणाले.

"मग मालक दवाखाना बंद करतील. या बाईला तुम्हीच सांगा."

"टोपल्या बंद होणार आहेत?"

सुधाकरराव ढिगाकडे पाहू लागले.

"होणार नाहीत. कर नफ्यावर लागतो आहे, या ढिगावर नाही. मग दवाखाना बंद काऊन व्हावा?" बोलता बोलता बयनाबाईंचा शब्द तोंडी आला, आणि एरवी दोघेही त्यावर हसले असते.

सुधाकररावांनी कोटावरचे कापसाचे तंतू एकेक करून काढले. फार वेळ लावला.

"माझी नोकरी आहे, अनंतराव."

"माझीही." मग आवाज जपून अनंतरावांनी विचारले, "संध्याकाळी याल ना?"

सुधाकररावांनी ढिगाला वळसा घातला. आतल्या कुणाला तरी त्यांनी यंत्र सुरू करायला सांगितले, आणि त्या घरघरीत ते मागे न पाहता चालत गेले.