वेणीमाधवभटांची पाटी

“लीजिए पंडितजी, पढ़िए,” म्हणत दरोगासाहेबांनी वही वेणीमाधवभटांच्या पुढ्यात टाकली. काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या भटजींच्या ओट्याभोवती बघता बघता अर्धी गल्ली जमली.

भटजी खुशीत आले. दारावर पाटीच होती : ‘कोणतेही मोडी वाचून मिळेल’. वाळवीने खाल्लेल्या सनदा, गंगेच्या पुरात भिजलेल्या वह्या, सगळं त्यांनी वाचलं होतं आणि ते सांगायला कधी लाजले नव्हते. काशीत दुसरा वाचणारा उरलाच नव्हता म्हणा.

दिवस आणीबाणीचे. सरकारी दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात, ही बातमी सेन्सॉरच्या हातून निसटून छापली गेली होती. वार्ताहर शरदिनीला ती कोणी दिली, हे ती सांगेना, म्हणून तिची मोडीत लिहिलेली वहीच उचलून आणलेली. नाव कळलं की त्या माणसाची रवानगी थेट तुरुंगात.

भटजींनी चष्मा चढवला. पहिलीच ओळ : ‘अन्नपूर्णा, नर्स, बायकांचा वॉर्ड’. मागच्या गल्लीतली अन्नपूर्णा! आणि अक्षर तरी काय सुरेख! याच ओट्यावर बसवून शरदिनीकडून त्यांनी ते घोटून घेतलं होतं.

“क्या लिखा है?”

भटजींनी वही उजेडात नेली, उलटी धरली, परत सुलटी केली.

“पढ़ा नहीं जाता, दरोगाजी.”

“आपसे?”

“मुझसे. ऐसी गंदी लिखावट ज़िंदगी में नहीं देखी.”

पानवाला विष्णू पहिला हसला आणि त्याने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “त बोर्ड काहे टँगले हउवा, महाराज?”

मग सगळी गल्ली हसली. “सब ढोंग है!” म्हणत दरोगासाहेबांनी वही त्यांच्या अंगावर भिरकावली आणि ते निघून गेले. भटजींचे कान तापले होते, पण मनातून त्यांना उड्या माराव्याशा वाटत होत्या.

संध्याकाळी शरदिनी धावत आली. “गुरुजी, माझी वही?”

“बंबात.”

“आणि तुम्हाला वाचता नाही आलं?”

“दोनदा वाचली. लिखावट एकदम फर्स्ट क्लास! बंबात घालताना जीव तुटला ग. पण इतकी होशियार पोरगी तू, नाव कशाला लिहायचं? मोडी वाचणारा एक म्हातारा अजून जिंदा आहे, हे विसरलीस?”

शरदिनीचे डोळे भरून आले. तिने वाकून नमस्कार केला.

“बस, बस. ते स्टूल धर आधी.”

स्टुलावर चढून भटजी चाकूने पाटी खरवडू लागले. ‘कोणतेही’ एवढाच शब्द जायचा होता, पण रंग जुना आणि पक्का, लवकर निघेना. आत बंबातलं पाणी कढत झालं होतं.