अजून दिसतोय

लाकडी सुरीला अजून वास होता — चंदनाचा नव्हे, कापराचा नव्हे, कुठल्याशा थंड रानातल्या झाडाचा. ते झाड प्रभावतीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं आणि सत्तरी ओलांडल्यावर आता पाहण्याचा योगही नव्हता. लोणी फासायची ती बोथट, वीतभर सुरी हेल्मीने त्यांच्या हातात ठेवली तेव्हा साल दोन हजार बावीस होतं आणि महिना ऑगस्ट. आता डिसेंबर लागला होता. रोज लोण्यात बुडून, रोज गरम पाण्याने धुऊनही सुरीने आपला वास सोडला नव्हता. हट्टी आहे, प्रभावतीबाईंना वाटलं, आणि भाकरीवर लोणी फासता फासता त्यांना हसू आलं, कारण सासूबाई त्यांच्याबद्दल अगदी हेच म्हणायच्या.

समोर हेल्मी पाटावर बसली होती. सतरा वर्षांची, उंच. मांडी घालायला गेली की गुडघे हनुवटीशी यायचे. मुलांची अदलाबदल करणारी एक योजना शांतिनाथने — त्यांच्या मुलाने — शोधून काढली होती: एक वर्ष ह्या घरचं मूल त्या घरी शिकायला, त्या घरचं ह्या घरी. नातू आर्जव फिनलंडच्या पार उत्तरेला हेल्मीच्या खोलीत झोपत होता, आणि हेल्मी सांगलीच्या पेठेत, हळदीच्या दुकानावरच्या मजल्यावर, आर्जवच्या. पहिल्याच आठवड्यात तिच्या पांढऱ्या मोज्यांचे तळवे पिवळे झाले, ते तिने धुवायला दिलेच नाहीत. आईला दाखवायचे आहेत, म्हणाली.

आज ती साताऱ्याला निघाली होती. योजना चालवणाऱ्यांचं म्हणणं पडलं, मुलीने खेडंही बघावं. म्हणून जानेवारीपासून तिला साताऱ्याजवळ लालासाहेबांकडे राहायचं होतं. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उसाची बागायत असलेले. आज नुसतं घर बघून यायचं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि हेल्मी शेवटचा घास तोंडात कोंबत, दूधवाला गावाला गेलाय असं कुणी सांगावं, तितक्या सहज म्हणाली,

"आजी, आज आमच्या घरी शेवटचा सूर्य."

"शेवटचा म्हणजे?"

"आज थोडा येतो. मग नाही. मग जानेवारी."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. सुरी प्रभावतीबाईंच्या हातात तशीच.

शेवटचा सूर्य… पुस्तकात असेल कुठेतरी, शाळेत शिकवलंही असेल, पण शाळा सातवीपर्यंत आणि त्या सूर्याशी आपला संबंध काय. सूर्य म्हणजे गच्चीवरून दिसतो तो, नदीपलीकडे उतरणारा, जो मावळायच्या आत जेवून ताट घासून पालथं व्हायला पाहिजे तो. लहानपणापासून हा नेम एक दिवस चुकला नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही. आणि आर्जवला विमानात बसवायच्या आदल्या दिवशी, जैनांच्या बस्तीतून देवाचं दर्शन घेऊन येताना त्यांनी त्याला पायरीवर थांबवलं होतं. बटाट्याचं काही बोलल्या नाहीत — बटाट्यावर जगणाऱ्या मुलखात पोराला धाडायचं आणि वर जमिनीखालचं खाऊ नकोस म्हणायचं, इतक्या काही त्या कठोर नव्हत्या. एकच मागितलं. सूर्य मावळल्यावर जेवू नकोस. नुकतं मिसरूड फुटलेल्या त्या पोराने पायाला हात लावून "नाही जेवणार" म्हटलं. आणि आर्जव नाही म्हणाला की नाही. हे पोर असं, की लपंडावात सुद्धा कुणी विचारलं, आहेस का रे तिथं, तर आहे म्हणून सांगायचं.

दर रविवारी फोनवर त्या विचारायच्या, वेळेत जेवतोस ना? तो म्हणायचा, वेळेत जेवतो गं. मी तरी कुठं विचारलं, तुझी वेळ कुठली…

बँकेत निघालेल्या सुनेला त्यांनी दारातच गाठलं. "भाग्यश्री, तिकडं सूर्य उगवतच नाही म्हणे आता."

"हो की आई. थंडीत नसतोच."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." भाग्यश्री चप्पल घालता घालता थांबली. सासूच्या चेहऱ्याकडे बघून तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण पायरीवरचं वचन घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. "आत्ता तो झोपलेला असेल, मग शाळा. संध्याकाळी लावू फोन. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

लावून घेऊ नका. घर रिकामं झालं, पावट्याच्या शेंगा सोलायला घेतल्या, आणि मन आपलं सोलत बसलं ते वेगळंच. आज शेवटचा, म्हणजे काल त्याहून थोडा जास्त, परवा आणखी थोडा… म्हणजे महिनाभर तो दिवस आवळत आवळत आला असणार, चोळी आटावी तसा, आणि पोर त्या तेवढ्याशा उजेडात घास गिळत असणार. मागच्या रविवारी गाल बसलेले वाटले होते. उंची वाढतेय, शांतिनाथ म्हणाला होता. उद्यापासून तर सूर्यच नाही. म्हणजे एक तर आर्जव उपाशी राहणार, नाहीतर आजीला खोटं सांगणार — आणि शेंगेतून दाणा काढता काढता त्यांना कळेना, ह्या दोहोंतलं आपल्याला कमी सोसेल ते कुठलं. सोडवलं पाहिजे त्याला. एक शब्द पुरे: जेव म्हणावं, कधीही जेव. पण तो शब्द तोंडातून काढायचा कसा. तो निघाला की आपणच जन्मभर बांधलेलं काहीतरी सुटतं… आणि तिकडे हेल्मीची आई, ती मारित, फोटोत नेहमी लाल टोपी घातलेली, ती काय म्हणत असेल? दुसऱ्याचं पोर घरात, समोर भरलेलं ताट, आणि पोर खिडकीकडे बघून नको म्हणतंय…

अव्वांनी काय केलं असतं?

अव्वा म्हणजे सासूबाई. सीमेकडच्या, अर्ध्या कानडी, सगळी पेठ त्यांना अव्वाच म्हणायची. हळदीच्या सौद्यातून पोटचा मुलगा उशिरा आला, कोपरापर्यंत पिवळा, भुकेने व्याकूळ, तर त्याला पाणीसुद्धा न देता झोपवणाऱ्या अव्वा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, घरात विधानाची मोठी पूजा होती, पंगतीवर पंगती उठल्या, वाढून वाढून नव्या सुनेचे पाय वळले, आणि तिचं ताट मांडलं तेव्हा स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. तिने ताट बाजूला सारलं. तेव्हा अव्वा गुडघ्यावर हात ठेवत गच्चीवर गेल्या आणि वरून हाक आली — "अजून दिसतोय गं. बस, जेव."

ती जेवली होती, भराभर, आमटीभाताचा घास घशात अडकेपर्यंत. मग घासलेली भांडी वाळत घालायला गच्चीवर गेली, तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. खाली आली. अव्वा जपमाळ ओढत होत्या. मान वर केली नाही. दोघी पुढं एवढी वर्षं एका चुलीवर राहिल्या, आणि त्या सूर्याबद्दल एक शब्द कधी निघाला नाही.

पावट्याचे दाणे पातेल्यात वाजले. प्रभावतीबाई एकट्याच हसल्या, मग दचकल्या, जणू कुणी ऐकलं असतं.

संध्याकाळी त्या गच्चीवर होत्या. हेल्मी पाचपर्यंत यायची होती. दोघी रोज बरोबर जेवत, पोरीनं आपणहून ती वेळ धरली होती. भाग्यश्रीनं खालून दोनदा बोलावलं. येईल ती, येईल, म्हणता म्हणता सूर्य नदीत उतरला आणि प्रभावतीबाईंचं ताट राहून गेलं. चला, आज उपास. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

दिवे लागल्यावर जिन्यात बूट वाजले. पुढे हेल्मी, तोंड उन्हाने लाल, हातात दोन ऊस. मागे पांढऱ्या मिशांचे लालासाहेब, काखेत गुळाची ढेप.

"आवं आजी, लय वंगाळ झालं," ते दारातूनच बोलू लागले. "बस न्हाई गावली म्हनून मीच जीप काढली, तर कराडच्या म्होरं उसाचं ट्रॅक्टर उलाटलेलं. दोन तास हललो न्हाई. आन् ही पोरगी. धाब्यावर जेव म्हनलं तर म्हनती, आजी थांबली असेल. तवापासनं उपाशी हाय."

"उपाशी नाही," हेल्मी म्हणाली. "ऊस खाल्ला."

"ऊस खाऊन काय पोट भरतंय व्हय."

प्रभावतीबाई पोरीकडे बघत राहिल्या. ओठ सुकलेले. आजी थांबली असेल… तिकडेही कुणी असंच थांबत असेल. मग त्या उठल्या, आणि दिवे लागल्यावर ज्या शेगडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, ती त्यांनी पेटवली. भाग्यश्री पुढे झाली, "आई, मी करते," तर म्हणाल्या, "तू फोन लाव." पीठ मळलं. भाकरी नेहमीसारखीच फुगली.

लालासाहेब पाटावर बसले, सगळी हकिगत ऐकली आणि मिशीला हात लावला. "बर्फात काढल्याती म्या वर्सं. सूर्य न्हाई उगवला तरी भूक उगवतीच की, आजी."

फोनच्या चौकटीत आर्जव आला. मागच्या खिडकीत निळा अंधार. गाल बसलेले नव्हते. नाक मात्र लाल.

"आजी, आज काय झालं माहितीये? मारितमावशींनी मला शाळेतून उचललं आणि सगळ्यांना टेकडीवर नेलं. डबे घेऊन, बर्फात. सूर्याची नुसती कड वर आली, आणि ती दिसत होती तोवर सगळे जेवले. मावशी, काका, शेजारचे सुद्धा. माझ्यासाठी." तो बोलता बोलता हसत होता. "मावशी मला ढोसत होत्या, लवकर खा, लवकर खा. पण त्या विचारतायत, उद्यापासून काय करायचं. मी म्हटलं, आजीला विचारतो."

हेल्मीचा घास हातात राहिला. बर्फावर डबे उघडून बसलेली ती माणसं प्रभावतीबाईंना दिसली, लाल टोपी घातलेली ती बाई, लवकर खा म्हणणारी… अव्वाच की ही, कुठल्या कुठे जाऊन बसलेली.

"आत्ता भूक लागलीय का तुला?"

"…थोडी."

शब्द कुठला निघणार हे त्यांना माहीत नव्हतं. निघाला तो सकाळपासून घोकलेला नव्हताच.

"मग जेव. इथं अजून दिसतोय."

त्यांच्या मागच्या खिडकीत पेठेचे दिवे लागलेले आर्जवला दिसत असणार. कधी खोटं न बोललेलं ते पोर. हेल्मीने खिडकीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि फोनकडे वाकून गंभीरपणे म्हणाली, "हो, आहे. मला पण दिसतो."

"दिसतोय की," लालासाहेब भाकरी मोडत म्हणाले. "लय मोठा हाय."

"बरं," आर्जव म्हणाला. आवाज ओला झाला होता की हसू दाबत होता, कळलं नाही. "जेवतो मग."

हेल्मी जानेवारीत साताऱ्याला गेली आणि जूनमध्ये मायदेशी परतली ती 'लय भारी' म्हणत. आता ती तिकडे नर्सिंग शिकते. पिवळे मोजे तिच्या भिंतीवर आहेत. लालासाहेबांनी उसाची निम्मी जमीन मुलाच्या हवाली केली, पण गुळाची ढेप दर वर्षी स्वतः घेऊन येतात, आणि जेवायच्या आत येतात. मारित अजूनही शेवटच्या सूर्याच्या दिवशी डबे घेऊन टेकडीवर जाते, फोटो येतो. आर्जव पुण्यात इंजिनियरिंगला आहे, वाटेल तेव्हा जेवतो आणि तसं सांगतो. सांगलीला आला की आजीबरोबर उजेडातच जेवतो. त्या रात्रीचा विषय त्याने कधी काढला नाही, त्यांनीही नाही. बस्तीत मुनिमहाराज आले तेव्हा विचारावं, असं प्रभावतीबाईंच्या दोनदा मनात आलं होतं — नेम मोडला की पाळला. दोन्ही वेळा त्या नुसत्या नमस्कार करून परत आल्या.

आता त्या जेवून, आवरून गच्चीवर जातात तेव्हा नदीपलीकडे नुसती लाली उरलेली असते. खाली भाग्यश्री बँकेतून येते, दमलेली, भुकेली, आणि जिन्यातूनच विचारते, "आई, गेला का हो?" प्रभावतीबाई कठड्याला हात टेकून उभ्या राहतात. लाकडी सुरीचा तो थंड वास बोटांना असतो. समोर पाहतात, जिन्याकडे कान देतात — पावलं किती जड आहेत… आणि मग तोंड उघडतात.