धाकल्याचं मत

जीप थेट खळ्यावर चढली तेव्हा अक्कानं सोयाबीन झोडपायला उगारलेली काठी त्या जीपच्याच टपावर हाणली.

"उतर खाली! खळं आहे हे, रस्ता नाही!"

जीपमधून आधी चार इस्त्रीचे सदरे उतरले आणि त्यांच्यामागून आमदार. सगळ्या मुलखाला तो साहेब, अक्काला मात्र धाकल्या. पाठचा भाऊ होता तिचा. केस पांढरे झाले, पोट सुटलं, तरी धाकल्याच.

"अगं, काय हे अक्का! माझीच जीप फोडतेस?" तो हसत म्हणाला. "परवा पहिली सभा आहे. खळं मोकळं करायला हवं. ही माणसं लावतो, ढीग बाजूला करतील."

"ढीग हलणार नाही."

"म्हणजे?"

"मळणी चाललीय, दिसत नाही? वर आभाळ बघ कसं दाटलंय. भिजलं तर तुझे हे इस्त्रीवाले शेंगा निवडायला येणार आहेत का?"

सदरे एकमेकांकडे बघायला लागले. शेजारची सुतारीण मदतीला आली होती, ती काठी टेकून मजा बघत उभी राहिली.

आता खरं सांगायचं तर अडचण आभाळाची नव्हतीच. धाकल्या पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सपाटून आपटला होता. लोक विचारायचे, हा कोण बुवा? दुसऱ्या खेपेला अक्कानं हे खळं झाडून काढलं, गाव गोळा केला आणि स्वतः बोलायला उभी राहिली. भाषण कसलं, एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आहे, सांभाळून घ्या." पण अक्काला ओळखत नाही असं घर आसपास नव्हतं. कुणाची गाय अडू दे, कुणाचं बांधावरून जुंपू दे, अक्का हजर. लोकांनी सांभाळून घेतलं. तेव्हापासून धाकल्या कधी पडला नाही, आणि दर निवडणुकीची पहिली सभा अक्काच्या खळ्यावर हे ठरूनच गेलं.

भाषणही ठरलेलं. "मी जुन्या वळणाचा माणूस. घर एक, चूल एक, वाडवडिलांची रीत एक. नवं खूळ आलं की मी आडवा पडतो!" की टाळ्याच टाळ्या. आणि तो खरंच आडवा पडायचा हो, खोटारडा नव्हता. मुलींसाठी वसतिगृहं काढायचं निघालं, ह्याचं मत विरोधात. मजूर बायांना गड्यांच्या बरोबरीनं मजुरी, विरोधात. अक्काच्या कानावर यायचं सगळं, पण ती काणाडोळा करायची. नवऱ्याचा मार खाऊन ती माहेरी परत आली तेव्हा याच भावानं दार उघडलं होतं आणि न्यायला आलेल्या नवऱ्याला वेशीवरून पिटाळून लावलं होतं. हे ती कशी विसरेल? मग बापाचं वावर तिनं कसायला घेतलं. धाकल्याच्या हाताला माती लागायची ती फोटोपुरती.

पण यंदा ऐन पावसाळ्यात ती भानगड झाली. दूध घालायला सगळे केंद्रावर जमले होते. दूध मोजणारा मापारी तिथं टीव्ही लावून ठेवायचा. विधानसभा दाखवत होते, आणि एकदम पडद्यावर धाकल्या! हात वर केलेला!

"अरे, आपले साहेब!" मापाऱ्यानं माप तसंच टाकलं. "हात वर केलाय! गावासाठी काहीतरी मागतायत!"

"पूल मागत असतील."

"पूल कशाला, पाणी मागत असतील पाणी!"

अक्काची छाती अशी फुगली म्हणता! तिनं त्या आनंदात अख्ख्या केंद्राला चहा पाजला. चहा निम्मा झाला असेल नसेल, दवाखान्यातली नर्सबाई आपली किटली घेऊन आली.

"आज काय आहे एवढं?"

"माझ्या भावानं टीव्हीवर हात वर केला!" अक्का म्हणाली. "घे, तूही घे चहा."

नर्सबाईनं कप हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "अक्का, बापाच्या शेतात राबणाऱ्या लेकीचं नाव त्या जमिनीला लागावं असा कायदा येत होता. ज्यांना नको होता त्यांनी हात वर करायचे होते. पडला तो कायदा."

 अक्कानं आपला कप खाली ठेवला. माझ्याच पोटावर पाय आला आणि मी चहा वाटत बसले, हा विचार तिच्या डोक्यातून त्या दिवसापासून गेला नव्हता. तिला रागापेक्षा लाज जास्त वाटत होती.

तर ती लाज आज खळ्यावर बाहेर पडली.

"खळं देत नाही," ती म्हणाली. "आणि सांभाळून घ्या म्हणून कुणाला सांगणारही नाही."

धाकल्याचं हसू मावळलं. "त्या कायद्याचं डोक्यात घेऊन बसलीस होय? अगं, असल्या कायद्यांनी घरं फुटतात. बहीणभाऊ कोर्टात एकमेकांची तोंडं बघत नाहीत. तुला मी कधी काय कमी केलंय?"

"कमी नाही केलंस. पण मी काय तुझं दिलेलं खाते? या वावरात मी राबते म्हणून तुझ्याही घरात दाणा येतो."

"अक्का, चार माणसांत असं बोलू नकोस."

"चार माणसं तूच आणलीस."

सुतारीण फिसकन हसली. तिथंच धाकल्याचं डोकं फिरलं. "मग वावर माझ्या नावावर आहे हेही विसरू नकोस! मळणी उरकली की ट्रॅक्टरवाल्याला कसायला देतो!"

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. पण चार सदरे ऐकत होते, शब्द मागं कसा घेणार?

"दे की," अक्का म्हणाली आणि पुन्हा शेंगा झोडपायला लागली.

घाबरली नव्हती असं नाही. चांगलीच घाबरली होती. वावर गेलं तर या वयात जायचं कुठं? भावजयीच्या हाताखाली भांडी घासायची? त्या दिवशी तिला भाकरतुकडा गोड लागला नाही.

तरी ठरल्या दिवशी सभेला गेली. सभा बाजारात भरली होती, कुणी बोलावलं नव्हतं तिला. पण अक्काला मंचावर चढताना अडवायची कुणाची छाती? सदऱ्यांना वाटलं, बाई वरमली. त्यांनी माईक तिच्यापुढं धरला.

"हा माझा भाऊ," अक्का म्हणाली. "यानं मला घरात घेतलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझं नाव बापाच्या जमिनीला लागू नये म्हणून यानं हात वर केला, आणि मी वेडीनं त्यावर चहा पाजला. दर वेळी मी म्हणायचे, सांभाळून घ्या. यंदा म्हणत नाही. यंदा तुम्ही बायांनो, स्वतःला सांभाळा."

आणि उतरली. टाळी एक वाजली नाही. बाया मात्र डोक्यावरचे पदर सारखे करत एकमेकींकडे बघत होत्या.

मतं पडली. पेट्या गेल्या. अक्काची मळणीही उरकली.

"आता ट्रॅक्टर येईल गं," सुतारीण म्हणाली.

"यायच्या आत पेरायचं."

"अगं, पण तो हाकलून देईल!"

"पेरल्यावर? हात लावून बघू दे."

तिकडची रीतच होती तशी. एकदा वावर पेरलं की ज्यानं पेरलं त्यानंच पीक काढायचं. मग जमीन कुणाची का असेना आणि वैर कितीही का असेना, पेरलेल्यात कुणी नांगर घालत नसे.

मतमोजणीच्या दिवशी बहुतेक पुरुष निकालाला शहरात गेले आणि इकडं अक्काच्या वावरात बाया लोटल्या. ज्या सभेत गप्प बसल्या होत्या त्याच. एकीनं बैल आणले, दुसरीनं पेरणीची पाभर, नर्सबाई सुट्टी टाकून घागरीनं पाणी पुरवायला आली. हरभऱ्याचं बी पाभरीच्या चाड्यात पडत होतं ते अक्काच्या मुठीतून. घोट्यापर्यंतच्या ढेकळांतून ती दिवसभर पाभरीमागं चालली.

ट्रॅक्टरवाला नांगर जोडून आला तो बांधावरच थबकला.

"पेरलंय होय, अक्का?"

"पेरलंय."

"मग मी कशाला पाप घेऊ डोक्यावर?" म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवून बांधाला लावला. गेला मात्र नाही. पुढं काय होतंय ते बघायचं होतं त्याला.

ऊन कलताना कर्णे ऐकू आले. धाकल्या निवडून आला होता. आला, पण स्वतःच्या गावात साफ पडला होता. बाहेरच्या गावांनी तारलं. गुलालबिलाल सगळं होतं, तोंडावर तेज तेवढं नव्हतं. रस्ता सोडून वावरातून आडवं घातलं की घर जवळ पडायचं, म्हणून जीप सवयीनं बांधावर चढली.

"थांब!" अक्का आडवी झाली. "पेरलंय."

वाजंत्री थांबली. धाकल्या खाली उतरला. ओल्या तासांकडं बघितलं, बायांच्या मातीनं भरलेल्या पायांकडं बघितलं.

"अक्का, मी निवडून आलोय."

"आलास ना? चांगलं झालं. आता वाटेनं जा."

"हे वावर माझ्या..."

"बोल की! थांबलास का? वाडवडिलांची रीत म्हणून घसा कोरडा करतोस ना? ही पण त्यांचीच रीत. घाल पाय, सगळ्यांदेखत घाल. की हिच्याही विरोधात मत देऊन आलास?"

ट्रॅक्टरवाल्यानं मान फिरवली. सदरे जमिनीकडं बघायला लागले. धाकल्यानं उचललेला पाय बांधावरच टेकवला, आणि मग मागं घेतला.

"गाड्या मागं घ्या," तो सदऱ्यांना म्हणाला. मग तिला एकटीला ऐकू जाईल असं, "पीक निघालं की बघू, अक्का."

"बघ की. मीही इथंच आहे." अक्कानं पदर खोचला आणि बायांवर ओरडली, "तुम्ही काय मिरवणूक बघत उभ्या राहिलात गं? वरच्या अंगाचं राहिलंय अजून, बैल वळवा!"