खरा व्हॉल्व्हचा आवाज

धर्मराज घरत यांचे दोन जेसीबी उलव्यात विमानतळाच्या बाजूला चालायचे आणि ते स्वतः नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये, गॅलरी बंद करून काढलेल्या खोलीत, सोल्डरिंगच्या धुरात बसलेले असायचे. पन्नाशीच्या तोंडावर त्यांना गिटारचा नाद लागला होता, आणि त्याहून मोठा नाद गिटारच्या ॲम्प्लिफायरचा. बाजारातला आयता नको, आपल्या हातचा हवा, तोही जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. गावी, कोनला, चुलतभाऊ भावेश हळदीला डीजे लावायचा. त्या धडधडाटात मांडवातली माणसं खुणांनी बोलायची. आवाज म्हणजे काय, हे धर्मराजना एकदा भावेशला दाखवून द्यायचं होतं.

ॲम्प तयार झाला. मागे स्पीकरसाठी दोन सॉकेट, त्यांना दोन लाकडी खोकी जोडलेली, प्रत्येकात एक स्पीकर. व्हॉल्व्ह नारिंगी उजळले. धर्मराजनी नमस्कार करून तार छेडली. आवाज आला, पण पातळ. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा.

बायको शशिकला दारात उभी होती. "असाच येतो का हो आवाज?"

धर्मराजनी पुन्हा एकदा तार छेडली. मग म्हणाले, "हाच खरा आवाज. डीजे ऐकून ऐकून कान मेलेत आपले."

हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता. भावेशला सांगताना थोडा बसला. खांदा कॉलनीतल्या एका कॅफेत दर रविवारी गिटारवाले जमायचे. तिथे सांगेपर्यंत पक्का बसला. "बेस म्हणजे मेकअप," धर्मराज तिथल्या पोरांना सांगायचे. "तो पुसा, मग चेहरा दिसतो."

कल्पेश नावाचा आयटीतला तरुण हे अगदी मनावर घेऊन ऐकायचा. त्याच्याकडे परदेशी कंपनीचा महागडा ॲम्प होता. महिनाभरात तो त्या ॲम्पवरचा बेसचं बटण शून्यावर ठेवून वाजवू लागला आणि तरी म्हणायचा, "दादा, तुमच्यासारखं होत नाही. तुमचा टोन कसा एकदम सुका आहे!" सुका टोन हा शब्द मग कॅफेत रूढच झाला.

एका दुपारी शशिकलाने ती खोली झाडली. झाडताना एका खोक्याची पिन निघाली, ती कोपऱ्यात पडून राहिली. धर्मराज येऊन वाजवायला बसले आणि पहिल्याच सुराला थबकले. आवाज भरदार होता. खालची जाड तार घुमत होती, छातीला लागत होती. त्यांनी मागे पाहिलं. दोनातला एकच स्पीकर चालू होता.

पिन लावली, आवाज रोडावला. काढली, भरला.

"आता कसा छान येतोय!" शशिकला आतून म्हणाली.

 धर्मराजनी छोटा सेल आणला आणि एकेका खोक्याच्या पिनेला टेकवला. दोन्ही स्पीकरचे पडदे सारखेच पुढे आले. म्हणजे खोकी बरोबर होती. मग वीज बंद करून, आतला साठलेला करंट उतरवून त्यांनी ॲम्प उघडला. दुसऱ्या सॉकेटच्या दोन वायरी उलटसुलट जोडलेल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. दोघांच्या भांडणात बेस जिरून जायचा.

"काय झालं?" शशिकलाने विचारलं.

"एक वायर उलटी लागली होती."

"म्हणजे कान माझे मेले नव्हते."

"नव्हते," धर्मराज म्हणाले. त्यांनी वायरी सरळ केल्या. त्या संध्याकाळी ते बराच वेळ वाजवत बसले. शशिकला भाजी निवडायला तिथेच येऊन बसली, हे पहिल्यांदाच घडलं.

रविवारी तीही कॅफेत आली. धर्मराजनी वाजवलं. एवढा गोड आवाज त्या ॲम्पमधून तिथे कधी निघाला नव्हता. संपल्यावर टाळ्या पडल्या त्या शिष्टाचाराच्या.

कल्पेश जवळ आला. समाचाराला आल्यासारखा चेहरा होता त्याचा. "दादा, काय केलंत हे? सगळी जान गेली. आता कुठल्याही ॲम्पसारखा वाजतोय."

"आता चांगला झालाय," शशिकला म्हणाली. "आधी डबा वाजायचा."

कल्पेश समजूतदारपणे हसला. "वहिनी, तुम्हाला त्यातलं नाही कळणार. सुका टोन ऐकायला कान तयार लागतो."

 शशिकलाने नवऱ्याकडे पाहिलं. धर्मराजना तिथे गप्प बसता आलं असतं. एवढे दिवस मिळवलेली इज्जत जागेवर राहिली असती. पण त्यांना त्या हसण्याचा राग आला.

"तिला कळतं," ते म्हणाले. "माझीच चूक होती. एका सॉकेटच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या मी. सुका टोन वगैरे काही नव्हतं. मी उगाच सांगत होतो तुम्हाला."

 कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसत होतं. धर्मराज मान खाली घालून पोरांच्या हसण्याची वाट पाहत राहिले.

"कुठल्या सॉकेटच्या?" कल्पेशने विचारलं.

"अं?"

"पहिल्या की दुसऱ्या? दादा, हे सिक्रेट इतके दिवस लपवलंत तुम्ही!" त्याने मोबाइल काढला. "थांबा, लिहून घेतो. दोन्ही उलट्या केल्या तर?"

"दोन्ही केल्या तर पुन्हा सरळच होतं रे."

"म्हणजे एकच करायची. ग्रेट!" मागून दुसऱ्या कोणीतरी त्या उलट्या वायरींचा फोटो मागितला.

धर्मराजनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. पोरांना तो विनय वाटला. शेवटी त्यांनी पेपर नॅपकिनवर आकृती काढून दिली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'असं करू नये.' कल्पेशने नॅपकिनचा फोटो काढताना ती ओळ तेवढी बाहेर ठेवली.

गाडीत खोकी ठेवून झाल्यावर शशिकला पुढे बसली. धर्मराजनी गाडी सुरू केली. मग तिला हसू आवरेना, आणि सिग्नलला गाडी थांबली तेव्हा धर्मराजनाही.