संथ नाडी

सिस्टरचा नवरा घड्याळजी. आता नर्सच्या नवऱ्यानंच तिला घरात 'सिस्टर' म्हणून हाक मारावी, याला तुम्ही काय म्हणाल? पहिल्यांदा त्यानं तशी हाक मारली तेव्हा तिनं त्याला उशी फेकून मारली होती. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शेजारीपाजारी, दुकानातली गिऱ्हाइकं, सगळेच तिला सिस्टर म्हणायला लागले. एक सख्खा भाऊ तेवढा ताई म्हणायचा. त्याचं नाव टिल्लू. लहानपणी बुटका होता म्हणून पडलेलं. पुढे गडी सहा फूट वाढला, औषधांचं दुकान काढलं, टक्कलही पडायला लागलं, तरी टिल्लू तो टिल्लूच.

सिस्टर लहान मुलांच्या दवाखान्यात लस टोचायच्या खोलीत काम करायची. त्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक ट्रे कायम तयार असायचा. त्यात सिरिंज, सुया आणि ॲड्रिनॅलिन. क्वचित एखाद्या पोराचं अंग लसीनंतर बिथरतं. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब धाडकन खाली येतो. त्या वेळी बाकी सगळी औषधं नंतरची, पहिलं हेच.

नवशिक्या नर्सना ती दटावून सांगायची, "अगं, हे काही परकं नाही. आपल्याच मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी बसल्यात. कुत्रा अंगावर धावून आला की त्या हेच सोडतात. म्हणून तर छाती धडधडते, हातपाय थरथरतात आणि माणूस चपला टाकून पळत सुटतो. तेच इथं बाटलीत भरलंय. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला पळवतं, श्वासाच्या नळ्या उघडतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल द्यायचं. कपडे काढत बसू नका. आणि विचार करत तर मुळीच बसू नका."

हे तिला पुस्तकातून जेवढं माहीत होतं, त्याहून जास्त घरातून माहीत होतं. कारण घड्याळजीला गांधीलमाशी चालत नव्हती. लग्नानंतर लवकरच एकदा बागेत चावली आणि पाच मिनिटांत माणूस निळा पडला. नशीब बलवत्तर, दवाखाना समोरच होता. तेव्हापासून ॲड्रिनॅलिनची ती तयार पेनं, टोपण काढून मांडीवर दाबायची, सिस्टरनं सगळीकडे ठेवली. एक तिच्या पर्समध्ये, एक त्याच्या घड्याळांच्या दुकानात. मुदत संपायच्या आत टिल्लूच्या दुकानातून नवं यायचं. नवरा कधी कंटाळून म्हणायचा, "सिस्टर, माझ्यापेक्षा त्या पेनांवर तुझं जास्त प्रेम आहे." ती म्हणायची, "तुम्ही असलात तर प्रेम करीन ना!"

आणि प्रेम होतंच हो. नवऱ्याच्या हातांचं तर तिला भारी कौतुक. बायकांच्या मनगटावरची नखाएवढी घड्याळं तो उघडायचा, केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायचा, आणि हात कसा, दगडावर ठेवल्यासारखा स्थिर. त्याच्या वडिलांचे हात उतारवयात थरथरायला लागले आणि त्यांना धंदा सोडावा लागला होता. नंतरची वर्षं ते खिडकीत बसून नुसते रस्ता बघायचे. म्हणून सिस्टर आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या यांचे हात बघा. या वयातसुद्धा काय बिशाद हलतील!" टिल्लूसमोर तर तिनं हे शंभरदा सांगितलं असेल. तोही मान डोलवून म्हणायचा, "खरंय ग ताई."

त्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी ती दुकानात गेली, तर नवरा शटरच्या वरच्या पेटीत काहीतरी अडकलंय म्हणून स्टुलावर चढून काठीनं खुपसत होता. "अहो, उतरा आधी खाली," ती ओरडली. उतरला, पण मानेवर हात दाबूनच उतरला. पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

"बसा. नाही, आडवेच व्हा," ती म्हणाली. आवाज एकदम दवाखान्यातला. पर्समधलं पेन काढलं, पॅंटवरूनच मांडीत दाबलं, धरून ठेवलं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगितलं, रुग्णवाहिका बोलवा. पायाखाली उशा सरकवल्या. सगळं कसं, ती शिकवायची तस्सं. आता रंग परत येईल, श्वास मोकळा होईल, मग हा बाबा उठून म्हणेल की झालं, पॅंटला भोक पाडलंस.

पण रंग येईना. ओठ सुजतच चालले. श्वासाला शिट्टी लागली. तिनं दुकानातलं दुसरं पेन दुसऱ्या मांडीत दिलं आणि मनगट धरलं. नाडी संथ होती. अहो, रक्तदाब असा कोसळला की नाडी घोड्यासारखी उधळते, त्यात वर दोन ॲड्रिनॅलिन पोटात गेलेली, म्हणजे अंगात गेलेली. आणि हिच्या बोटाखाली कशी, दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी. तिनं बोटं बदलून पाहिली. तीच चाल. रुग्णवाहिकेत चढता चढता तिनं टिल्लूला फोन लावला, "हॉस्पिटलात ये, यांना चावली," एवढंच सांगितलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई होत्या, तिची मुलगी शोभेल अशा वयाच्या. हात चपळ, डोकं थंड. सलाईन धो धो सोडलं, ऑक्सिजन लावला, ॲड्रिनॅलिनचं आणखी एक इंजेक्शन दिलं, मग थेंबाथेंबानं शिरेतून सुरू केलं. पडद्यावरचा रक्तदाब वर येईना. त्यांनी विचारलं, "नाडी एवढी हळू कशी? काही गोळ्या चालू आहेत का यांना? ब्लडप्रेशरच्या, हृदयाच्या?"

"एकही नाही," सिस्टर म्हणाली.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं. "नीट आठवून सांगा हं. कसल्याही?"

आता मात्र सिस्टर भडकली. "मी नर्स आहे. यांची बायको आहे. यांच्या अंगात काय जातं ते मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल? एकही गोळी नाही. तुम्ही औषध वाढवा!"

एवढं ठणकावून सांगितल्यावर कोण काय बोलणार? डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि औषध वाढवलं. पडद्यावरचा आकडा जिथं होता तिथंच. नवऱ्याचे डोळे वर फिरायला लागले. सिस्टरनं त्याची बोटं घट्ट धरली आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलली, बघा हं, गेलात तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही.

तेवढ्यात दार ढकलून टिल्लू आत आला. धापा टाकत होता. त्यानं बहिणीकडे बघितलं नाही. सरळ डॉक्टरीणबाईंजवळ गेला आणि म्हणाला, "प्रोप्रॅनोलॉल. हे रोज प्रोप्रॅनोलॉल घेतात. हाताच्या थरथरीसाठी."

डॉक्टरीणबाई वळल्या. "ग्लुकागॉन आणा, पळा!"

सिस्टरला समजावून सांगायची गरजच नव्हती. हृदयाची आणि श्वासनळ्यांची जी दारं ॲड्रिनॅलिन उघडतं, त्याच दारांना ही गोळी आतून कडी लावून बसते. बाहेरून किती ठोठावा, आत ढिम्म. ग्लुकागॉन म्हणजे एरवी साखर फार उतरलेल्या मधुमेह्यांना देतात ते. त्याला ते दार लागत नाही, ते दुसऱ्याच वाटेनं हृदयाला उठवतं. हे सगळं तिला पाठ होतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं.

इंजेक्शन गेलं. थोड्या वेळानं आकडा वर सरकला. मग आणखी सरकला. नवऱ्याला भडभडून उलटी झाली, आणि उलटी झाल्यावर त्यानं तोंड वाकडं करून "आई ग" म्हटलं. म्हणजे वाचला. नर्सेसनी टिल्लूच्या पाठीवर थाप मारली. दुकान उघडं टाकून मागोमाग आलेली शिवणकामवाली बाई त्याला हात जोडून म्हणाली, "देवासारखे धावून आलात हो!"

सिस्टरनं देवाला कोपराला धरून बाहेर काढलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ताई, आधी तू बस बघू."

"मी उभीच बरी आहे. कधीपासून?"

"झाली काही वर्षं." टिल्लूनं टकलावरून हात फिरवला. "त्यांचे हात थरथरायला लागले ग, वडिलांसारखे. चिमट्यातून स्क्रू पडायचे. माझ्याकडे येऊन रडले. मी एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांना भाऊजींनी ॲलर्जीचं सांगितलंच नाही. मला म्हणाले, तुझ्या ताईला कळलं तर ती ही गोळी घेऊ देणार नाही."

"नसतीच दिली!"

"म्हणूनच तर शपथ घातली त्यांनी मला."

"शपथ! लहानपणी एक तरी शपथ संध्याकाळपर्यंत टिकली होती का रे तुझी? हीच बरी टिकली!" तिचा आवाज चढला तशी बाकावरची माणसं बघायला लागली. बघेनात का. "तू गोळ्या विकतोस का पेपरमिंट? तुला माहीत नव्हतं ही गोळी आणि ते पेन एकमेकांच्या मुळावर उठतात ते? मला पेनं कोण विकत होतं? तूच ना! आणि त्यांना गोळ्या? त्याही तूच!"

"मी त्यांना बजावलं होतं, पेन जवळ ठेवा म्हणून. वाटलं, गांधीलमाशी काय रोज चावते का..."

सिस्टरला एकदम ते आठवलं. आमच्या यांचे हात बघा. खरंय ग ताई. मान डोलवणारा टिल्लू, आणि त्याच्या शेजारी बसून गालात हसणारा नवरा. तिला वाटायचं, कौतुकानं लाजतोय. शरमेनं तिचे कान तापले. दोघं मिळून इतकी वर्षं तिला खुळी बनवत होते, आणि ही खुळी त्यांनाच सांगत होती की बघा बघा. नवऱ्यानं फसवलं ते एक वेळ ठीक म्हणू, भीतीपोटी माणूस काहीही करतो. पण पाठचा भाऊ? ज्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलं तो? ती भिंतीकडे तोंड करून रडली. टिल्लूनं खांद्यावर हात ठेवला तो तिनं झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी नवरा उशीला टेकून बसला होता. चेहऱ्याची सूज उतरली होती. गोळी बंद केल्यामुळे म्हणा की रात्रभर चाललेल्या औषधांमुळे, उजवा हात थरथरत होता आणि तो चादरीखाली लपवायची त्याची धडपड चालली होती. टिल्लू खुर्चीत होता. शिवणकामवाली बाई आली होती आणि तिनं परत तेच पुराण लावलं, देव, धावून येणं, वेळेवर पोचणं.

"खरंच रे," नवरा टिल्लूला म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "तू नसतास तर मी मेलोच होतो. तुझे उपकार कसे फेडू?"

सिस्टरनं त्या बाईला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" बाई शहाणी, लगेच उठली.

"वाचवलं खरं त्यानं," सिस्टर म्हणाली. "पण कुणाच्या हातून वाचवलं, तेही ऐका. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा विचारलं, गोळ्या चालू आहेत का. दोनदा मी छातीठोकपणे नाही म्हटलं. वर त्यांनाच झापलं. त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी नर्स, मी बायको. तुम्ही गेला असतात ना, तर त्या माशीनं नसतं मारलं तुम्हाला. मी मारलं असतं. तुम्ही मला तिथं नेऊन उभं केलंत."

"सिस्टर, अगं, मला वाटलं नव्हतं..."

"तुमचं नंतर बघू." ती टिल्लूकडे वळली. रात्रभर तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. "तू खरं सांग. तुला यायला उशीर झाला असता, तू पोचायच्या आत हे गेले असते, तर तू मला सांगितलं असतंस? त्या गोळीचं?"

टिल्लूनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी चादरीकडे बघितलं.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

"नसतं सांगितलं, ताई," तो म्हणाला. "कशाला सांगायचं? तुला आयुष्यभर सहन झालं नसतं ग ते."

आणि हे तो इतक्या मायेनं म्हणाला, की तो खरं बोलतोय याबद्दल तिला तिळमात्र शंका राहिली नाही. त्यानं तिला जवळ घेतलं असतं, तिला पोटभर रडू दिलं असतं, दुकान बंद ठेवून महिनाभर तिच्या घरी राहिला असता. आणि जन्मभर गप्प बसला असता.

सिस्टरनं पर्स उचलली. नवऱ्यानं थरथरता हात चादरीबाहेर काढून तिच्याकडे केला, पण ती टिल्लूला म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा आता दोघं," आणि एकटीच घरी गेली.