नावाची जागा

जाऊबाईंच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले असताना भाऊजींचा निरोप आला, की उद्या खामगावला स्टुडिओत यायचं आहे, आवाज ओळखायला. ‘आवाज ओळखायला’ हे शब्द ऐकले आणि तुळशीला घालायचं पाणी माझ्या हातून पायांवरच सांडलं.

जाऊबाई म्हणजे जयमाला, माझी मोठी जाऊ. वरवट बकालच्या आमच्या महिला भजनी मंडळात अठ्ठावीस वर्षं त्या पुढं बसून गायल्या आणि मी मागं, गाभाऱ्याच्या भिंतीशी, टाळ धरून. भाऊजी म्हणजे त्यांचे यजमान, माझे भासरे. त्यांचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचं घ्यायचं नाही तसं भासऱ्याचंही घ्यायचं नाही, असं मला माहेरी शिकवलं होतं. पण ही गोष्ट सगळी नावाचीच आहे, म्हणून अभंगातलं लिहिते. भाऊजींचे आजोबा अभंग रचायचे. त्यांच्या एका अभंगाचा शेवट असा:

भागवत म्हणे, उघडावे दार
उभा मी बाहेर, कधीचा गा

घरच्यांनी पुढं नातवाला आजाचंच नाव ठेवलं, आणि पंचाईत झाली ती नातसुनेची. जाऊबाई हा अभंग फार सुंदर म्हणायच्या, पण शेवटच्या चरणाशी आल्या की थांबायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? एक श्वासभर गप्प राहून त्या ‘म्हणे’पासून पुढं उचलायच्या. आणि त्या रिकाम्या श्वासात मागून, दगडातून झिरपल्यासारखं ‘भागवत’ ऐकू यायचं. गावातले लोक म्हणायचे, महादेवाच्या देवळाला घुमारा आहे, बाईनं नाही घेतलं तर देऊळच नाव घेते.

देऊळ घेत नव्हतं. मी घेत होते.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा काही ठरवलं नव्हतं. देवापुढं ओळ अर्धी राहिली, ते मला सोसलं नाही. भिंतीकडं तोंड करून हळूच म्हटलं. मग दर वेळी तसंच. घरी येऊन भासऱ्याचं नाव घेतल्याबद्दल एक माळ जास्त जपायची, हा नेम लावून घेतला. जाऊबाईंना सांगितलं नाही. त्यांनीही कधी मागं वळून पाहिलं नाही.

खामगावला निघालो ते आम्ही तिघं: भाऊजी, त्यांची मुलगी अर्पिता आणि मी. शेगावात गाडी बदलली. अर्पितानं चहा घ्या म्हणून आग्रह केला. माझा जप बसमध्ये पुरा व्हायचा होता, आणि जप झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. त्या दिवशी जपही होईना. मणी सरकत होते, नाम भलतीकडंच.

स्टुडिओ म्हणजे सरकीच्या एका गोदामावरची खोली. भिंतींना गाद्यांसारखं काही लावलेलं, आत काचेपलीकडं अजून एक बारकी खोली. कुलदीप नावाचा तिशीतला माणूस हे सगळं बघतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं जाऊबाईंना त्या बारक्या खोलीत एकट्यांना बसवून पाच अभंग रेकॉर्ड केले होते. मंडळाच्या बायकांचा आवाज मागून भरायचा होता. मग जाऊबाईंचं दुखणं निघालं आणि काम तसंच राहिलं. आता ते वर्षश्राद्धाला देवळात लावायचं, असं भाऊजींनी मनात धरलं होतं.

“काकू, मी मागच्या महिन्यात तुमच्या देवळात फुगे फोडले, माहीत हाय नं?” कुलदीपनं हसत विचारलं.

“पुजारी काठी घेऊन धावले म्हणे तुमच्यामागं,” मी म्हटलं.

“धावतीन नाही त काय! पन फुगा फुटला का देऊळ किती घुमते, कुठून घुमते, ते समदं कंप्युटरले समजते. आता आयका.”

आधी त्यानं जाऊबाईंचा आवाज जसा रेकॉर्ड केला होता तसा लावला. कपाटात उभं राहून कुणी गावं तसा कोरडा. मग त्यानं एक बटण दाबलं, आणि जाऊबाई देवळात आल्या. खरंच सांगते, नंदीच्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागी. भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं झालं, निभावलं, आता घरी जायचं.

“हे झालं रिव्हर्ब, म्हंजे देवळाचा घुमारा,” कुलदीप म्हणाला. “खरी भानगड पुढंच हाय.”

मग त्यानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं, अर्पितानं पूर्वी देवळात केलेलं. खरखर, घंटा, कुणाचं तरी पोर रडतंय. शेवटचा चरण आला. जाऊबाई थांबल्या. आणि मागून, हळूच, ‘भागवत’.

माझी बोटं माळेवर घट्ट झाली.

“पाहा आता,” कुलदीप काचेकडं बोट दाखवत म्हणाला, जणू चोर तिथं बसला आहे. “डिले म्हंजे काय? जे गायलं तेच उशिरानं परत येते. इथं त जयमालाकाकूंनी काही गायलंच नाही! मंग परत काय येऊन राह्यलं? माह्या रेकॉर्डिंगमध्ये तर ती जागा साफ खाली हाय. डिले लावू कायले?”

“तिनं घेतलं,” भाऊजी म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडं पाहायला लागलो.

“तिनं ओठातल्या ओठात घेतलं. देवळानं ते मोठं करून दिलं. तुह्या या खोलीले नाही उमगणार ते.” ते टोपीची कड चाचपत राहिले. “मी बाहेर ओट्यावर बसून आयकत होतो दर एकादशीले. बत्तीस वर्षं संसार केला. उखान्यात घेतलं नाव, पन ते चार बायांनी दार अडवल्यावर. आपल्या मनानं घेतलं ते एवढंच.”

अर्पिता खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. खोटं बोलायचं नाही, एवढंच तिचं मागणं. पण गप्प बसणं हे खोटं की खरं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

“मी एक जुगाड करून पाह्यला,” कुलदीप जरा ओशाळून म्हणाला. “जयमालाकाकूंच्याच दुसऱ्या अभंगातून अक्षरं काढली. ‘भाव’मधला भा, ‘जग’मधला ग, ‘पर्वत’मधला वत.” त्यानं लावलं. भा. ग. वत. बसस्टँडवर गाडी लागल्याची घोषणा होते तसं.

भाऊजी उठूनच उभे राहिले. “बंद कर बे! बंद कर ते!”

“बाबा, बसा,” अर्पिता म्हणाली. “कुलदीपदादा, दुसऱ्या कुणी म्हटलं त चालते का?”

“चालते नं. उलट बरंच होईन. एक शब्द कोरडा भेटला पायजे, बाईमाणसाच्या आवाजात. तो मी अर्धा सेकंद मागं टाकतो, देवळात बुडवतो, कोनाले काही समजत नाही.”

“माझा आवाज त फाटका पत्रा हाय,” अर्पिता म्हणाली, आणि तिघंही माझ्याकडं वळले.

“मी नाही,” मी म्हटलं. “मी कशी घेऊ? भासरे आहेत.”

“काकू, तुम्ही बी नं! पणजोबाचं नाव समजा. अभंग हाय तो,” अर्पिता म्हणाली.

मला वाटलं भाऊजीच नको म्हणतील. ते म्हणाले, “घ्या, पुष्पाबाई. तिच्यासाठी घ्या. मी बाहेर जाऊन बसू का?”

आयुष्यभर चोरून केलेली गोष्ट आता मला पहिल्यांदा करायची आहे असं दाखवून करायची होती. मी आत गेले.

बारक्या खोलीत हवा नव्हती. कानांवर हेडफोन, समोर माइक. जाऊबाईंचा चरण आला, त्या थांबल्या, आणि माझ्या तोंडातून काही फुटलंच नाही. पुन्हा. या वेळी ‘भा’ निघाला आणि घशातच बसला. कुलदीप काचेपलीकडून म्हणाला, “काकू, माळ वाजून राह्यली. काढून ठेवता का?”

“माळ काढत नसतात,” मी म्हटलं आणि ती मुठीत धरली.

तिसऱ्या वेळी काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. कानात जाऊबाई गात होत्या, देवळासकट. माझं अंग आपोआप वळलं. माइककडं पाठ झाली, तोंड भिंतीकडं. आणि शब्द निघाला. नेहमीसारखा, नेहमीच्या जागी.

“काकू, माइक इकडं हाय!” कुलदीप म्हणाला.

मी बाहेर आले तेव्हा त्यानं माझा शब्द ओळीत बसवला होता. आधी मोबाइलवरची जुनी ओळ लावली, मग ही. मग जुनी. मग ही. खरखर सोडली तर दोन्हींत तसूभर फरक नव्हता. ‘व’वर जरा रेलायची माझी खोड, तीसुद्धा जशीच्या तशी. कुलदीपनं खुर्ची फिरवून माझ्याकडं पाहिलं. त्याला समजलं होतं. आवाजाचाच धंदा त्याचा. पण तो भला माणूस, त्यानं मान खाली घातली आणि उगाच एक वायर गुंडाळायला लागला.

“अगदी तेच!” अर्पिता टाळी वाजवून म्हणाली. “काकू, तुम्ही त आईची नक्कल केली!”

“पुन्हा लाव,” भाऊजी म्हणाले.

कुलदीपनं लावलं.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा ऐकून ते माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाले, “पुष्पाबाई. तुम्ही कुठं बसत होत्या देवळात?”

“मागं. भिंतीशी.”

“तुमीच होत्या?”

मूठ अजून माळेवर होती. मणी तळव्यात रुतले होते. नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते धरून उरलेलं आयुष्य काढलं असतं, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

खाली गोदामात कुणीतरी पोती मोजत होतं. सत्तावीस, अठ्ठावीस. अर्पितानं तोंडावर हात ठेवला.

“मंग ती काय करे?” भाऊजींनी विचारलं. “त्या टायमाले. तिचे ओठ त हलत असतीन?”

हाच प्रश्न येणार म्हणून मी सकाळपासून घाबरले होते की काय, असं मला तेव्हा वाटलं. हलायचे म्हणणं किती सोपं होतं. दोन शब्द. पण मला जाऊबाईंच्या अंबाड्याशिवाय काही दिसलेलं नव्हतं.

“मी मागं बसायची, भाऊजी. मला नाही दिसलं.”

त्यांनी मान हलवली. टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

“कुलदीप, तो आवाज काढ.”

“काका, पण मंग जागा खाली दिसते. वर्षश्राद्धाले मानसं म्हनतीन, मशीन बिघडली.”

“म्हनू दे. ती गप्प राहे नं? तिचं गप्प राहू दे. बाकी ते तुहं देऊळ तेवढं चालू ठेव.”

परतीच्या गाडीत ते एकटेच पुढच्या सीटवर जाऊन बसले. अर्पितानं एकदा माझा हात दाबला, मग सोडला. रागावली होती की नाही, ते आजही मला कळलेलं नाही.

पुढचे सात दिवस मी वाईट काढले. माझ्या हातून एका म्हाताऱ्या माणसाची एवढीशी ठेव गेली, असंच वाटत राही. वर्षश्राद्धाला जाऊ नये, असंही एकदा मनात आलं. गेले. मागं, भिंतीशी बसले. देऊळ भरलं होतं. भाऊजी या वेळी ओट्यावर नव्हते, आत, नंदीजवळ, भिंतीला पाठ लावून बसले होते.

स्पीकरमधून जाऊबाई गायला लागल्या. शेवटचा चरण जवळ येऊ लागला तशी दोन-तीन बायकांनी सवयीनं कान टवकारले. मी ओठ दाताखाली धरले. अठ्ठावीस वर्षांची सवय, शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. जाऊबाई थांबल्या. आधीच्या ओळीचा शेपटीसारखा घुमारा दगडावरून ओसरत गेला, आणि मग काही नाही. कुणीतरी मागं वळून बघितलं.

“ओ,” भाऊजी म्हणाले.

हाक मारल्यावर घरातून द्यावी तशी, साधी, हलकी ओ. माझ्या शेजारच्या बाईला ऐकू आली की नाही कोण जाणे.

‘म्हणे,’ जाऊबाईंनी पुढं उचललं, ‘उघडावे दार.’