शंभर नंबरी पेट्रोल

मी लोकांचे कान तपासतो. एकोणीस वर्षं हाच धंदा. दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. आतल्या खोलीत जाड दाराची एक केबिन आहे, बाहेरचा आवाज आत न शिरणारी, साधारण कपाटाएवढी. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेरून निरनिराळे सूर सोडतो आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. ज्याला कमी येतं त्याला मशीन बसवून देतो. त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू नये, असा माझा पक्का समज होता. आणि एका विषयात असा समज झाला की माणूस शेजारच्या विषयातही तोंड घालायला लागतो. मी पेट्रोलमध्ये घातलं.

बावन्नाव्या वर्षी मी गाडी घेतली. एका दातांच्या डॉक्टरकडून, जुनीच, पण दोन दारांची, टर्बो इंजिनाची, गडद निळी. मागच्या सीटवर बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागतं. किल्ली देताना डॉक्टर म्हणाला, "हिला शंभरच पाजायचं. बाकीचं हिला पचत नाही."

शंभर म्हणजे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. आमच्याकडे पंपावर तीन प्रकार मिळतात. एक्क्याण्णव, म्हणजे साधं. पंच्याण्णव, ते जरा महाग. आणि शंभर, त्याचा भाव बघून माणूस आधी आपल्या गाडीकडे आणि मग स्वतःकडे बघतो. हे शंभर फक्त गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर मिळायचं. दर शनिवारी मी घराजवळचे दोन पंप मागे टाकून तिथे जायचो, येऊन-जाऊन बावीस किलोमीटर. पंपावरची बाई "शंभरच ना?" असं विचारायची. त्या विचारण्यात मला आदर ऐकू यायचा. आठ महिने यायचा.

आणि इंजिनात फरकही ऐकू यायचा. शंभर भरलं की आवाज खाली बसतो, त्याला गोलाई येते, असं मी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, "किती खाली?" मी म्हटलं, हे मोजायचं नसतं, कानाने ओळखायचं असतं. हेच मी पेशंटनाही सांगायचो. त्यांच्या कानात मी नुकतंच मशीन बसवलेलं असायचं, त्यामुळे सुटका नसायची. मेहुण्याच्या पिटुकल्या गाडीतही मी दोन महिने शंभर भरायला लावलं. तो म्हणाला, काही फरक पडत नाही. मी त्याला म्हटलं, "फरक पडतो रे. तो ऐकायला कान लागतो."

एका रविवारी सगळे जेवायला आमच्याकडे होते. मेहुणा आणि त्याच्याबरोबर राहणारे माझे सासरे. सासऱ्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं कमी, कानाला मी चार वर्षांपूर्वी बसवून दिलेलं मशीन. माझ्या मुलीने सहज विचारलं की ऑक्टेन म्हणजे नेमकं काय. मी पाण्याचा जग पुढे ओढला. हा जग म्हणजे सिलेंडर समजा, म्हटलं, आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद. जितका आकडा मोठा तितकी ताकद जास्त. पुढे दहा मिनिटं मी थांबलो नाही. मीठदाणीसुद्धा स्फोटात कामी आली.

मुलगी मध्येच अप्पांकडे वळली. "आजोबा, बरोबर आहे का हे? तुम्ही आयुष्यभर तेच करत होतात ना?"

मी बायकोकडे बघितलं.

"तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

मला माहीत होतं ते एवढंच, की अप्पा तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात 'लॅबमध्ये' होते. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. लॅबमध्ये काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचे कान तपासले तेव्हा माझ्याच फॉर्मवर प्रश्न होता, मोठ्या आवाजात काम केलंय का? ते हो म्हणाले होते. मी 'हो'वर खूण केली होती आणि पुढच्या प्रश्नावर गेलो होतो.

घास संपवून अप्पा पाणी प्यायले. "ताकद नाही हो, जावईबापू," ते म्हणाले. "सहनशक्ती. इंजिन पेट्रोलची वाफ दाबतं. फार दाबली की ती ठिणगीची वाट न बघता आपणहून पेटते. मग आत ठोके बसतात. पेट्रोल किती दाब सोसून गप्प राहतं, तो आकडा म्हणजे ऑक्टेन. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला सोशिक पेट्रोल लागतं. ज्याला दाबच कमी, त्याला सोशिक देऊन करायचंय काय?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं नाही. ते त्याचे उपकार.

"मग माझ्या गाडीला?" मी विचारलं.

"झाकणाच्या आत काय लिहिलंय?"

मी ते कधी वाचलं नव्हतं. जवळचा चष्मा क्लिनिकमध्ये असतो, असं काहीतरी पुटपुटलो. अप्पा काठी घेऊन उठले, आम्ही सगळे त्यांच्यामागे खाली पार्किंगमध्ये. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडलं, वाकले, आणि मोठ्याने वाचलं, "किमान पंच्याण्णव."

एवढंच लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात. चष्म्याची गरज नव्हती.

"म्हणजे साधं घालू नका, पंच्याण्णव घाला," अप्पा म्हणाले. "शंभरने बिघडणार काही नाही. वरचे पाच कोणाच्या उपयोगाचे नाहीत, एवढंच."

तिथे गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण खाली शेजारचे दोघं गाडी धूत उभे होते. मी म्हटलं, "अप्पा, कागदावर काहीही असू दे. मला फरक ऐकू येतो."

अप्पा म्हणाले, "ऐकू येतो म्हणता, तर बघू या की."

परीक्षा त्यांनीच आखली. चार शनिवार. टाकी तळाला आली की बायको एकटी गाडी घेऊन जाणार, चिठ्ठी काढून तिन्हींपैकी जे निघेल ते पंधरा लिटर भरणार आणि कोणाला सांगणार नाही. दुपारी तीनच्या उन्हात, एसी पूर्ण लावून, पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ चढायचा. मी गाडी चालवणार, शेजारी अप्पा, मागे घडी घालून मुलगी. वर पोचलो की मी आणि अप्पांनी आपापलं उत्तर लिहायचं. साधं पेट्रोल निघालं तर इंजिनाचं काय, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, एका टाकीने मरत नाही, ठोका बसला की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि सांभाळून घेतो, रोज मात्र तसं चालवू नये.

पहिल्या शनिवारी मी लिहिलं, 'शंभर. शंकाच नाही. मखमली.' अप्पांनी लिहिलं, 'सांगता येत नाही.' मला त्यांची दया आली. दुसऱ्या शनिवारी मी लिहिलं, 'साधं. आवाज उथळ, कडेला खरखरीत.' त्यांनी पुन्हा लिहिलं, 'सांगता येत नाही.'

तिसऱ्या शनिवारी ऊन फार होतं. अर्ध्या चढावर अप्पांनी बोट वर केलं. "गियर बदलू नका. असंच पाय दाबा."

मी दाबला.

"हे," अप्पा म्हणाले.

"हो, आलं," मागून मुलगी म्हणाली. "डब्यात खडे हलवल्यासारखं."

"काय आलं?" मी विचारलं.

"हे बघ, आता. परत."

"कुठे?"

"बाबा, आत्ता. आणि आता थांबलं."

मी खिडकी उघडली, बंद केली. एसी घालवला. मान इंजिनाच्या दिशेने पुढे काढली. इंजिन मला मस्त, गोल, भरलेलं ऐकू येत होतं. मी 'शंभर' लिहिलं आणि खाली रेघ मारली. अप्पांनी लिहिलं, 'साधं.' चौथ्या शनिवारपर्यंत माझी हवा निम्मी गेली होती. मी भीत भीत 'पंच्याण्णव' लिहिलं.

त्या संध्याकाळी बायकोने जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. पहिलं पंच्याण्णव होतं, दुसरं शंभर. तिसरं साधं. चौथं पंच्याण्णव. तिने सवयीने लाल पेन घेतलं, माझ्या कागदावर चारपैकी एक असा शेरा मारला आणि खाली लिहिलं, 'उत्तरांत आत्मविश्वास आहे.' ज्याला मी 'उथळ, खरखरीत' म्हटलं होतं ते शंभर होतं. त्याच्यासाठी मी आठ महिने गावाची दोन टोकं एक केली होती.

"पंच्याण्णव आणि शंभर मलाही नाही ओळखता आलं," अप्पा म्हणाले. "या गाडीत ते कोणालाच येणार नाही. आम्हीसुद्धा कानावर कधी भरवसा ठेवला नाही. आमच्याकडे ठोके मोजायला काटा होता."

"पण साधं तर तुम्ही ओळखलंत," मी म्हटलं.

"ते ठोके बसले म्हणून." मग हातातल्या काठीकडे बघत ते म्हणाले, "तो आवाज साधारण सहा हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तुमच्या तपासणीत येतं ना सहा हजार?"

येतं. रोज येतं. त्यांच्या कानातल्या मशीनमध्ये नेमके तेच सूर मी स्वतःच्या हाताने वाढवून दिले होते.

सोमवारी पेशंट यायच्या आधी मी केबिनमध्ये जाऊन बसलो. क्लिनिकमध्ये अकरा वर्षं काम करणाऱ्या बाई काचेबाहेर बसल्या. मी स्वतःचे कान शेवटचे कधी तपासले होते ते आठवत नव्हतं. दार बंद झालं की आत फक्त आपला श्वास आणि गिळल्याचा आवाज उरतो. पेशंटना मी सांगतो की घाबरू नका, ही काही परीक्षा नाही. ती परीक्षाच असते हे आत बसल्यावर कळतं. सुरुवातीला मी धडाधड बटण दाबत होतो. मग सूर विरळ झाले. मग बराच वेळ काहीच नाही. बाई बहुतेक चहा प्यायला उठल्या असाव्यात, असं वाटून मी काचेतून बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी अंदाजाने दोनदा बटण दाबलं. लबाडी करणारे पेशंट असंच करतात आणि मला ते लगेच कळतं. बाईंनाही कळलं.

त्यांनी दार उघडलं. "झालं, सर."

"सहा हजार लावलंत?"

"तीनदा."

"मशीन तपासून घ्यायला हवं."

"मागच्या महिन्यात तपासून घेतलं, सर. कागदावर तुमचीच सही आहे."

आलेख माझ्यासमोर ठेवून त्या बाहेर गेल्या. रेघ चार हजारांपर्यंत बरी चालली होती. पुढे ती जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. माझी एरवीची वाक्यं मी मनातल्या मनात स्वतःला म्हणून बघितली. वयाप्रमाणे होतं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. लवकर आलात ते बरं केलंत. एकोणीस वर्षं लोक ही वाक्यं ऐकून मान का डोलावतात ते मला कळलं. दुसरं काही करण्यासारखं नसतं.

महिनाभराने मी मशीन बसवून घेतलं. बाईंनीच बसवलं, आणि रोज सकाळी पुसायचं, ओलं होऊ द्यायचं नाही, हे मला पहिल्यापासून शिकवलं. संध्याकाळी गाडी सुरू केली तर डाव्या दारात काहीतरी कुरकुरत होतं. मागच्या सीटबेल्टची कडी टकटक करत होती. समोरच्या डॅशबोर्डमध्ये कुठेतरी प्लास्टिक थरथरत होतं. घरी येऊन मी बायकोला विचारलं, "गाडीचा हा खडखडाट कधीपासून आहे?"

"घेतली त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला इतका आनंद झाला होता," ती म्हणाली. "आणि तू आवाजाचं इतकं कौतुक करत होतास की मला वाटलं, हाच तो आवाज."

आता मी कोपऱ्यावरच्या पंपावर पंच्याण्णव भरतो. शनिवार मोकळे झाले. त्यातल्या एका शनिवारी मी मेहुण्याकडे गेलो आणि अप्पांना विचारलं की लॅबमध्ये ते नक्की काय करायचे. ते आधी संकोचले, बहुतेक माझा प्रश्न खरा आहे की काय ते चाचपत असावेत. मग बोलायला लागले ते दिवे लावायची वेळ झाली तरी थांबले नाहीत. एकाच सिलेंडरचं एक इंजिन होतं. ते चालू असतानाच त्याचा दाब चाक फिरवून कमीजास्त करता यायचा. कारखान्यातून निघणारं पेट्रोल आधी त्याच्यात जाळून बघायचं, ठोका बसेपर्यंत दाब वाढवत न्यायचा. एकतीस वर्षं ते त्या खोलीत होते. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. ते घातले तर फोन ऐकू येत नाही, म्हणून कोणी घालायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात ते त्यांच्या एका जुन्या जोडीदाराला क्लिनिकमध्ये घेऊन आले. उंच, वाकलेला माणूस, त्याच खोलीत अठरा वर्षं काढलेला. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या दोघांची जुंपली. जोडीदाराचं म्हणणं, टर्बो गाडी असेल तर माणसाने शंभरच घालावं. अप्पांचं म्हणणं, झाकण वाचावं. जोडीदाराला धड ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघांचेही आवाज चढत चालले होते. बाईंनी आत येऊन विचारलं की त्यांना जरा हळू बोलायला सांगू का. मी म्हटलं, राहू दे, त्यांचं होऊ दे. पुढच्या पेशंटला दहा मिनिटं बसायला सांगा.